तळ्याकाठच्या मुक्कामाची शिदोरी : वाचकांचे प्रश्न

गळ घेऊन दोन-तीन दिवसांसाठी तलावावर किंवा नदीवर मुक्कामाला जाणाऱ्यांनी सोबत काय खायला-प्यायला न्यावे, या विषयावर अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे जागेअभावी थोडी आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सनविवि. आम्ही पवनी तालुक्यातील चार मित्र दरवर्षी धान घरात आल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबरात, मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर तीन दिवसांचा मुक्काम करतो. गेल्या वर्षी पहिल्या संध्याकाळी आम्ही मोठे पातेले भरून मसालेभात केला, रात्री जेवलो आणि उरलेला भात झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी चांगला गरम करून खाल्ला. दोन-तीन तासांतच आमच्यापैकी दोघांना उलट्या सुरू झाल्या आणि उरलेला मुक्काम पालात पडून काढावा लागला. घरच्या मंडळींनी या वर्षी जाऊ देण्यास एकच अट घातली आहे, ती म्हणजे खाण्याची नीट व्यवस्था. आमच्यापैकी कोणालाही फारसा स्वयंपाक येत नाही आणि तिथे गेल्यावर चुलीपाशी बसून राहण्याची इच्छाही नसते. तीन दिवस टिकेल, सोपे पडेल आणि पोटाला बाधणार नाही, असे काय न्यावे?
— एक वाचक, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे आणि त्यांची वेळ पाहता संशय भातावरच जातो. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू पुष्कळदा असतात. भात शिजताना जिवाणू मरतात, परंतु बीजाणू तग धरतात. मोठ्या पातेल्यातील भात झाकून ठेवला की बाहेर डिसेंबराची थंडी असली तरी पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि तेवढी ऊब व ओल बीजाणूंना रुजायला पुरेशी होते. वाढताना हे जिवाणू जे विष तयार करतात त्याने एक ते सहा तासांच्या आत उलट्या होऊ शकतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी भात कितीही वाफाळता केला असता तरी उपयोग झाला नसता. आपण गरम करून खाल्ला ही चूक नव्हती. रात्रभर बंद पातेल्यात ठेवला, तिथेच काम बिघडले.

यावर झाडीपट्टीतील, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, कोणीही विचारील की आमच्याकडे रात्रीच्या भातात पाणी घालून तो सकाळी खाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, मग त्याने कोणी आजारी कसे पडत नाही? फरक असा आहे की पाणी पडताच तो भात लगेच निवतो आणि सकाळपर्यंत हलका आंबतो. आंबटपणात हे जिवाणू सहज वाढत नाहीत. तेल-मसाल्याचा, गच्च दाबून झाकलेला भात यांपैकी काहीच करीत नाही. तरीही, जिथे भांडी तलावाच्या पाण्याने विसळली जातात तिथे मी पाणभाताचाही भरवसा धरणार नाही. आपण भात सोडू नये, कारण तीन दिवस भाताशिवाय राहिलेला भंडाऱ्याचा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मात्र तो एका वेळेला संपेल एवढाच शिजवावा. चौघांच्या एका जेवणाला अर्धा किलो तांदूळ पुरतो. उरलाच तर तो ठेवू नये.

आता मुख्य गोष्ट. घरून निघताना आपण पदार्थांची यादी करतो, परंतु मुक्कामाची शिदोरी ओलावा पाहून भरावी. ज्यात पाणी अधिक ते पहिल्या दिवशी संपवावे, ज्यात कमी ते दुसऱ्या दिवशी खावे, आणि तिसऱ्या दिवसासाठी जवळजवळ कोरडेच ठेवावे. पदार्थ बिघडवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला खाण्याइतकेच पाणीही लागते, आणि आपल्या आजी-पणजींनी वाळवणे, भाजणे, तळणे आणि गुळात मुरवणे या चार युक्तींनी नेमके तेच काढून घेतले. म्हणून आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर घरच्याच फडताळात आहे, दुकानात नाही.

पहिल्या दिवशीच्या दुपारी पोळी आणि तेलावर परतलेली कोरडी भाजी न्यावी, आणि ती त्याच दुपारी संपवावी. दुसऱ्या दिवसासाठी धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या उत्तम. दशम्या दुधात भिजवण्याची पद्धत असली तरी तीन दिवसांच्या मुक्कामासाठी त्या गुळाच्या पाण्यात, सढळ मोहन घालून भिजवाव्यात. दुधाच्या दशम्या मऊ राहतात, पण लवकर वास धरतात. धपाट्यांत कांदा आणि हिरवा सांबार घालू नये. (पश्चिमेकडील वाचकांसाठी सांगते की आम्ही सांबार म्हणतो तेव्हा कोथिंबीर अभिप्रेत असते, इडलीबरोबरच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही.) त्याऐवजी ओवा, तीळ, हळद आणि लाल तिखट घालावे. ज्वारीची किंवा तांदळाची भाकर ताजी असताना कितीही गोड लागली तरी दुसऱ्या दिवशी ती कडक होते आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी धरू शकते. भाकर हवी असेल तर पीठ न्यावे.

बांधणीतील एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते. पहाटे निघायची घाई असते, म्हणून पोळ्या तव्यावरून उतरताच डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या जातात. त्यांची वाफ आत कोंडते, तिचे पाणी होते आणि ज्या पदार्थातून आपण पाणी काढले त्यातच ते परत मुरते. पोळ्या, पुऱ्या आणि धपाटे सुपात किंवा जाळीवर पसरून पुरते निवू द्यावेत, स्वच्छ सुती कापडात गुंडाळावेत आणि मगच डब्यात ठेवावेत. त्यासाठी आदल्या संध्याकाळीच करावे लागले तरी चालेल.

तोंडी लावायला जवस, तीळ आणि कारळ यांच्या कोरड्या चटण्या न्याव्यात. त्या महिनाभर टिकतात, वजनाला हलक्या असतात आणि त्यांच्यातील तेलामुळे भूकही भागते. भुरका (तेलात परतलेले लसूण-तिखट) न्यायचा असल्यास त्यातील लसूण कुरकुरीत होईपर्यंत तळलेला असावा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेरच्या तापमानात दिवसेंदिवस ठेवणे हे विषबाधेचे एक घातक कारण आहे. हिरव्या मिरचीचा ओला ठेचा पहिल्याच दिवशी संपवावा.

दुसऱ्या रात्री गरम काहीतरी हवेसे वाटते, आणि इथे स्वयंपाक न येणाऱ्यांनाही जमतील असे तीन-चार पदार्थ आहेत. येसर हा त्यांत पहिला. भाजलेली धान्ये, हरभऱ्याची डाळ आणि मसाले दळून केलेले हे पीठ उकळत्या पाण्यात कालवून मीठ घातले आणि पाच-सात मिनिटे ढवळले की आमटी तयार होते. तिला फोडणी दिली तर उत्तम, नाही दिली तरी तक्रार करण्यासारखे काही राहत नाही. मुंगवड्या (मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्या) थोड्या तेलात परतून कांदा, तिखट आणि पाणी घालून पंधरा मिनिटे शिजवल्या की भातावर ओतायला पातळ भाजी होते. चुनासाठी, म्हणजे पिठल्यासाठी, बेसन घरूनच कोरडे भाजून न्यावे, म्हणजे गाठी कमी होतात आणि कच्चेपणाची भीती राहत नाही. उकडपेंडी मात्र माझी विशेष शिफारस आहे. कणीक तेलात खमंग भाजून, तिच्यात मोहरी, जिरे, हळद, सुक्या मिरच्या आणि वाळवलेला कढीपत्ता यांची फोडणी घालून, निवल्यावर डब्यात भरून न्यावी. तिथे वाटीभर पिठाला सुमारे पाऊण वाटी उकळते पाणी हळूहळू शिंपडत कालवावे आणि मंद आचेवर पाच मिनिटे झाकून वाफ द्यावी. वरून लिंबू पिळले की सकाळची न्याहारी पार पडते. पाकिटातील नूडल्सही चालतात, परंतु त्यांना पाणी भरपूर लागते आणि ते खारट असल्याने नंतर पुन्हा पाणी लागते. आपले पाणी मोजून नेलेले असणार.

ज्याचा एक डोळा गळाच्या दोरीवर आहे त्याला बसून जेवणे सुचत नाही, म्हणून एका हाताने खाता येईल असा खाऊ प्रत्येकाने आपापल्या पिशवीत वेगळा ठेवावा. फुटाणे, भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे), गूळ, पातळ पोह्यांचा चिवडा आणि जवसाचे किंवा डिंकाचे लाडू यांपुढे बाजारातील बिस्किटे मला फिकी वाटतात. फल्लीदाण्यांत एखादा कुबट किंवा कडू लागला तर तो थुंकून टाकावा. बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. डिसेंबरात अंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. त्यांची साल हेच त्यांचे वेष्टन असल्याने ती न धुता, न सोलता तशीच न्यावीत. बाजारात उकडलेले शिंगाडे मिळाले तर पहिल्या दिवसासाठी घ्यावेत, परंतु तलावातील कच्चा शिंगाडा दाताने सोलून खाऊ नये, कारण पाणवनस्पतींच्या सालीवाटे आतड्यातील जंत पोटात जाऊ शकतात. अंडी न्यायची असल्यास कच्ची, न धुतलेली, तांदळाच्या डब्यात खुपसून न्यावीत. थंडीत ती तीन दिवस सहज राहतात. उकडलेले अंडे त्याच दिवशी संपवावे.

परिमाणाचा अंदाज द्यायचा तर माणशी दिवसाला अर्धा किलोच्या आसपास कोरडा शिधा धरावा, म्हणजे आपल्या चौघांना तीन दिवसांसाठी सहा किलो. त्यात मासळी धरू नये. आपल्या पत्रात ‘मासे तर मिळतीलच’ असे एक वाक्य होते, ते मी मुद्दाम गाळले. मासळी मिळाली तर ती वरची मेजवानी समजावी; रोहू आणि कतला आपल्या जेवणाच्या वेळा पाळत नाहीत.

आमच्या भागातील पुरुषमंडळी मुक्काम म्हटला की रोडग्यांचा (निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचा) आग्रह धरतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरचे रोडगे आणि वांग्याची भाजी यांची सर कशालाच नाही, हे मान्य आहे, परंतु ते अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्यात चौघेही चुलीभोवतीच अडकतात. ते शेवटच्या दिवशी, गळ गुंडाळल्यावर करावेत. एरवी निखाऱ्यात आलू आणि वांगी भाजणे पुरे.

राहिली हातांची गोष्ट. गळाला लावायची कणीक आणि खायची कणीक यांचे डबे वेगळे असावेत, नुसत्या पिशव्या वेगळ्या नव्हेत. गांडुळे, मासळीची खवले आणि तलावाचे पाणी लागलेले हात साबणाने धुतल्याशिवाय फुटाण्याच्या पिशवीत घालू नयेत. पाण्याच्या कॅनला तोटी असेल तर हे सहज जमते. नसेल तर कोणीच करीत नाही. आणि रात्री उरलेले अन्न, गूळ किंवा मासळीची आतडी पालाच्या आत किंवा जवळ ठेवू नयेत. आपल्या भागात अस्वल आणि रानडुक्कर दोघांचेही नाक तेज असते.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, आहे. माझे यजमान आणि धाकटे दीर एप्रिल-मे महिन्यांत मोर्शीकडील नातेवाइकांबरोबर ऊर्ध्व वर्धा धरणाच्या काठी दोन रात्रींसाठी जातात. उन्हाचा तडाखा पाहता त्यांच्याबरोबर पिण्यासाठी काय द्यावे? ते म्हणतात की तिथे पाणी भरपूर आहे आणि मध्ये एखाद्या दुकानातून थंड पेयाच्या बाटल्या घेता येतात. मला ते पटत नाही.
— एक वाचक भगिनी, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

उत्तर : ताई, आपल्याला पटत नाही तेच बरोबर आहे. धरणात पाणी भरपूर असते, परंतु ते पिण्याचे पाणी नव्हे. उन्हाळ्यात साठा आटल्यावर त्यात गाळ, गुरांचा वावर आणि आजूबाजूच्या शेतांतून वाहून आलेले सर्व काही एकवटते. काठाशी हिरवा तवंग दिसत असेल तर त्या पाण्याला उकळूनही हात लावू नये, कारण निळे-हिरवे शेवाळ सोडते ते विष उकळण्याने जात नाही. एरवीचे गढूळ पाणी निरुपायाने वापरावेच लागले तर तुरटी फिरवून निवळू द्यावे, वरचे पाणी चारपदरी सुती कापडातून गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवावे. क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वापरणाऱ्यांनी वेष्टनावरील प्रमाण पाळून निदान अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात त्यांचा प्रभाव उणावतो, म्हणून आधी निवळणे चुकवू नये.

म्हणून पाणी घरूनच न्यावे. आपल्या गावच्या विहिरीचे मचूळ पाणी उकळल्याने गोड होत नाही, उलट पाणी आटून ते आणखी खारे होते, हे आपण जाणताच. जे पाणी आपण रोज घरात पिण्यासाठी आणता तेच भरून द्यावे. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि काठावर सावलीही बेताचीच असते, तेव्हा माणशी दिवसाला पाच ते सहा लिटर पिण्यासाठी आणि दोन लिटर स्वयंपाकासाठी धरावे. दोघांना दोन रात्रींसाठी वीस लिटरचे दोन कॅन लागतील. कॅन कोणता, याकडे मात्र आपण स्वतः लक्ष द्यावे. कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन धुऊन पाण्यासाठी वापरण्याची वाईट सवय आहे. ते कितीही वेळा धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध निघत नाही. तसा कॅन घरात असेल तर तो भोके पाडून निकामी करावा, म्हणजे घाईच्या वेळी कोणी उचलणार नाही.

पाणी गार ठेवण्यासाठी बर्फाची गरज नाही. जाड कॅनव्हासची छागळ अजून काही बाजारांत मिळते. ती भरून झाडाच्या फांदीला वाऱ्यावर टांगली की कापडातून पाझरणारे पाणी वाळताना आतली उष्णता ओढून घेते. वऱ्हाडातील उन्हाळ्याची कोरडी हवा याला अगदी अनुकूल आहे. आषाढात हीच छागळ काही करीत नाही, कारण दमट हवेत पाणी वाळतच नाही. छागळ नसेल तर कॅनला ओले पोते गुंडाळून सावलीत ठेवावे आणि पोते वाळू देऊ नये.

नुसते पाणी पिऊन मात्र भागत नाही, कारण घामावाटे मीठही जाते. त्यासाठी कैरीचे पन्हे सर्वांत सोयीचे. कैऱ्या उकडून गर काढावा, त्यात दीडपट गूळ किंवा साखर घालून आटवावा, मीठ आणि जिरेपूड घालावी आणि निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून द्यावा. आंबटपणा आणि गोडी दोन्ही अधिक असल्याने हा गर दोन-तीन दिवस बाहेर राहतो; तिथे पेल्यात दोन चमचे घेऊन पाणी ओतले की झाले. पन्हे घरूनच पातळ करून देऊ नये, ते संध्याकाळपर्यंत फसफसू लागते. ताक पहिल्या दुपारपर्यंतच. सातूचे पीठ, गूळ आणि चिमूटभर मीठ पाण्यात कालवले तर ते पेयही होते आणि न्याहारीही, शिवाय त्याला चूल लागत नाही. याचे महत्त्व असे की फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत जंगलालगत वणव्याचा हंगाम असतो आणि तिथे चूल पेटवणे धोक्याचे असून वनक्षेत्रात तो गुन्हाही ठरतो. लहान गॅसची शेगडी न्यावी. ती पालाच्या आत पेटवू नये, कारण कोंडलेल्या जागेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

थंड पेयाच्या बाटलीने घसा गार होतो, परंतु तिच्यात साखर फार आणि घामातून गेलेले मीठ नगण्य. चहा बंद करा असे मी सांगणार नाही, कारण सांगून कोणी ऐकणार नाही, आणि बेताच्या चहाने पाणी कमी पडत नाही. दूध नासते म्हणून कोरा चहा लिंबू पिळून घ्यावा. दारूबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहिते : ती लघवीवाटे पाणी काढून टाकते, उन्हाची जाणीव बोथट करते, आणि जिथे रात्री पाय घसरला तर खाली खोल पाणी आहे तिथे तिला जागा नाही. हे यजमानांना माझ्या नावावर वाचून दाखवावे.

सोबत जलसंजीवनीची (ओआरएसची) चार पाकिटे द्यावीत आणि एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचे, अर्धे-अर्धे करायचे नाही, हे सांगून ठेवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ याहून अधिक पडले तर ते अपायकारक ठरते. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अंगावर पाणी ओतत, वारा घालत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : माझे वय ६२ असून मला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो. मुलगा आणि पुतणे दोन दिवसांसाठी धरणावर गळ टाकायला जाणार आहेत आणि मलाही चला म्हणतात. खाण्याचे पथ्य तिथे कसे सांभाळावे?
— एक ज्येष्ठ वाचक, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे प्रथम. पथ्य सांभाळणे तिथे कठीण नाही, कारण फुटाणे, फल्लीदाणे, ज्वारीच्या पिठाचे धपाटे आणि मुंगवड्यांची भाजी हे आपल्याला चालणारेच पदार्थ आहेत. कठीण असते ते वेळ सांभाळणे. इन्सुलिन घेतले, आणि तेवढ्यात गळाला ओढ लागली म्हणून जेवण तासभर लांबले, तर साखर उतरते. जेवण समोर आल्याशिवाय सुई घेऊ नये. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे वाटताच तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढाच ग्लुकोज पाण्यातून घ्यावा, पंधरा मिनिटे थांबून बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावा, आणि नंतर पोळी किंवा धपाटा खावा. अशा वेळी लाडू किंवा चिवडा उपयोगी पडत नाही, त्यातील तेला-तुपामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. साखरेची पुडी खिशात असावी, पालात नव्हे, आणि ती कोठे आहे हे पुतण्यांना ठाऊक असावे.

इन्सुलिनची कुपी उन्हात किंवा गाडीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावा. मासळीच्या बर्फात तर ती कधीच ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

प्रश्न : मासळी ठेवण्यासाठी आम्ही थर्माकोलच्या पेटीत कारखान्याचा बर्फ नेतो. त्यातील वरचा स्वच्छ बर्फ पाण्यात किंवा सरबतात घातला तर चालेल का? आणि पहिल्या दिवशी धरलेली मासळी तिसऱ्या दिवशी खाण्याजोगी राहते का?
— एक वाचक, नागभीड तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. तो बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही, आणि पेटीत आल्यावर वरचा-खालचा असा भेद राहत नाही. महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम २०१८ मध्ये झाला तो याच गोंधळामुळे. सरबत गार हवे असेल तर घरच्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये गोठवून न्याव्यात. त्या वेगळ्या पेटीत ठेवल्या तर इतर पदार्थही गार राहतात आणि वितळल्यावर पिता येतात.

मासळी तिसऱ्या दिवशी खाता येईल, पण तिला पहिल्या तासात काय केले यावर ते अवलंबून आहे. धरल्यावर लगेच आतडी आणि कल्ले काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, वजनाइतकाच बर्फ खाली, वर आणि पोटातही भरावा. वितळलेले पाणी पेटीच्या तळाला साचू न देता भोकातून वाहू द्यावे. दोरीत ओवून पाण्यात सोडलेली मासळी जिवंत असेपर्यंत ताजी असते. ती मेली की कोमट पाण्यात बाहेरच्यापेक्षा फारशी अधिक टिकत नाही. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, म्हणून ओल्या कापडाच्या टोपलीत तिला शेवटपर्यंत राखता येते आणि तिसऱ्या दिवसाचा रस्सा तिचाच करावा. रोहू-कतला त्याच संध्याकाळी खाऊन टाकलेले बरे. कल्ले काढलेले असल्याने नंतर ताजेपणाची परीक्षा डोळ्यांवरून आणि बोटाने करावी : डोळे खोल गेले असतील, किंवा बोट दाबल्यावर पडलेला खळगा भरून येत नसेल, तर ती मासळी चुलीपर्यंत नेऊ नये. आणि शिजवताना काट्यालगतचे मांस पांढरे होऊन सुटेपर्यंत शिजवावे. गोड्या पाण्यातील मासळी अर्धवट भाजून खाण्याची हौस जंतांना आमंत्रण देते.